पिंजऱ्यातील उंदीर

रात्री पिंजऱ्याची झडप पडते, आणि पहाटे घरधनी तो पिंजरा उचलून गावाबाहेर नेऊन उघडितो. आपल्या हातून जीवहत्या झाली नाही म्हणून त्याच्या मनास समाधान वाटते. ही दया होय काय, असा प्रश्न आमच्या मंडळ्यांत वारंवार निघतो.

घरचा काळा उंदीर घुशीप्रमाणे जमिनीत राहणारा नव्हे. तो आढ्यावर, माळ्यावर, कौलांखाली राहतो, व वाशांवरून एका घरातून दुसऱ्या घरात जातो. धान्य तो खातो त्याहून अधिक नासवितो. पण खरे भय त्याच्या अंगावरील पिसवांचे आहे. १८९६ साली मुंबईस मांडवीतील धान्याच्या वखारींच्या वस्तीत प्लेग प्रकट झाला, तेव्हा कोणी हवेस दोष दिला, कोणी दैवास. १८९८ साली सिमाँ नामक फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोगाने दाखविले की, हा रोग पिसवांच्या द्वारे पसरतो. रोगी उंदीर मेला म्हणजे त्याचे थंड पडलेले अंग सोडून पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात. मग ते मनुष्याचे का असेना. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचा बोभाटा झाला, हे पुष्कळांस स्मरत असेल.

पलिष्ट्यांची गोष्ट (१ शमुवेल, अध्याय ५ व ६) वाचकांस ठाऊक आहेच. अश्दोदकरांवर पीडा आली, तेव्हा त्यांनी कोश गथास लोटिला, गथकरांनी एक्रोनास; आणि पीडा कोशामागोमाग चालत गेली. शेवटी त्यांस सोन्याचे उंदीर घडवावे लागले. मात्र या लोटालोटीस त्यांनीही दया असे नाव दिले नव्हते!

पोरांनी पिंजऱ्यात काड्या टोचून खेळ करावा, किंवा तो मुका प्राणी दिवसभर उन्हात तडफडत ठेवावा, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. मारणे तर एका घावात मारावे. साथीच्या दिवसांत मात्र मेल्या उंदरास उघड्या हाताने शिवू नये, व सरकारी दवाखान्यास तत्काळ कळवावे.

आणि गावाबाहेर म्हणजे कोठे? गावाबाहेर कोण राहत आले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. गावचे पिंजरे पिढ्यान्पिढ्या आमच्याच वाडवडिलांच्या झोपड्यांमागे उघडले गेले. आता आमच्यातील कित्येकांनी गावात कौलारू घरे बांधिली आहेत. त्यांच्या हातातील पिंजरा पहाटे कोणत्या वाटेने जातो?