पेशींची सबब

परवा मी अण्णांवर ओरडलो. अण्णा म्हणजे माझे वडील. वय 84. मी स्वतः साठीचा; म्हणजे ओरडून घेण्याचं वय दोघांचंही उलटून गेलेलं. पण अण्णांनी अर्ध्या तासात सातव्यांदा विचारलं, “बाळ्या, गॅस बंद केलास ना रे?” आणि माझ्या तोंडून जायचं ते गेलं. अण्णा गप्प झाले. पाच मिनिटांत ते सगळं विसरले. मी विसरलो नाही. त्यांच्या आजाराची आमच्यात अशी वाटणी आहे.

रात्री झोप यावी या शुद्ध हेतूनं भाचीचं शरीरशास्त्राचं पुस्तक उघडलं, तर डोळेच उघडले. माणसाच्या मेंदूत म्हणे सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात. एकीतून विजेची लाट धावत टोकाशी येते, तिथं रसायनाचे कण बाहेर पडतात, पलीकडच्या पेशीला जाऊन चिकटतात आणि निरोप पोचतो. माझा राग म्हणजे एवढंच! मला हायसं वाटलं. आमच्या 24 बिऱ्हाडांच्या सोसायटीत सेक्रेटरीचं कुणी ऐकत नाही. 8600 कोटींच्या कारभारात मी एकटा कुठं पुरा पडणार?

सकाळी सौभाग्यवतीला हा सिद्धांत ऐकवला. ती म्हणाली, “बरं. मग चहाही पेशींकडूनच मागा.”

चहाविना पुढं वाचत गेलो. या पेशींवरून पूर्वी मोठं भांडण झालेलं. इटलीचे गॉल्जी म्हणत, सगळं एकसंध जाळं आहे. स्पेनच्या काहालनी गॉल्जींचीच पेशी रंगवण्याची पद्धत वापरून दाखवलं, की प्रत्येक पेशी वेगळी. 1906 साली नोबेल दोघांत विभागून मिळालं, तर गॉल्जींनी तिथल्या भाषणातही काहालांचं मत खोडायचा प्रयत्न केला. मेंदू जाणणाऱ्यांची ही कथा, मग आमची काय! अखेर काहाल खरे ठरले. बहुतेक पेशी एकमेकींना टेकत नाहीत. मधे फट असते. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी.

आणि पंचाईत इथंच झाली. त्या फटीतून नुसता ‘चल’ असा निरोप जात नाही, ‘थांब’ असाही जातो. ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशी मुद्दाम वेगळ्या असतात. म्हणजे माझ्याकडे थांबायची सोय होती! अण्णांच्या आजारात मात्र या जोडण्याच एकेक करून नाहीशा होतात. तेव्हा पेशींची सबब सांगायचा हक्क घरात कुणाचा असेल, तर तो त्यांचा. मी मात्र ही शास्त्रीय सवलत पहिल्याच रात्री स्वतःला देऊन टाकली. दोन वर्षांत त्यांना एकदाही दिली नव्हती.

सगळं पेशीच करतात, हे खरं असेलही. पण मग मनाला लागलेली टोचणीही पेशींचीच. राग तेवढा खरा आणि टोचणी खोटी, असं कसं म्हणता येईल?

एवढ्यात अण्णांनी हाक मारली, “बाळ्या, गॅस बंद केलास ना रे?”

जीभ सरसावली होती. पण थांबलो. म्हटलं, “बघून येतो, अण्णा.”

गॅस चालू होता. त्यावर दूध होतं. म्हणजे, थोड्या वेळापूर्वीपर्यंत होतं.