तिसऱ्यांदा दार वाजले

व्हिएन्ना शहराच्या मध्यभागी, नोयर मार्क्ट नावाच्या चौकात, कापुचिन साधूंचे एक चर्च आहे. दिसायला अगदी साधे. सेंट स्टीफन कॅथेड्रलचे उंच शिखर पाहून इकडे वळलेल्या माणसाच्या नजरेत ते भरायचेही नाही. पण त्याच्या तळघरात हाब्सबर्ग राजघराणे पुरलेले आहे. सम्राट मथायस आणि त्याची राणी अ‍ॅना यांच्या शवपेट्या 1633 साली इथे आणल्या, आणि तेव्हापासून त्या घराण्यातली सुमारे दीडशे माणसे एकामागून एक इथे येऊन विसावली. त्यांत बारा सम्राट आहेत. काही पेट्यांवर धातूचे मुकुट, कवट्या, गरुड आणि रडणाऱ्या देवदूतांची एवढी दाटी आहे की आतल्या माणसाची आठवण सहज होत नाही.

या सगळ्याची राखण कापुचिन करतात. संत फ्रान्सिसच्या परंपरेतला हा संघ सोळाव्या शतकात इटलीत निघाला. तपकिरी झगा, कमरेला दोर, पाठीवर टोपडे आणि दारिद्र्याचे व्रत. अर्ध्या युरोपवर राज्य केलेल्या माणसांच्या थडग्यांची किल्ली, ज्यांच्या नावावर काहीच नाही अशा माणसांच्या हाती राहावी, ही अ‍ॅना राणीचीच इच्छा होती. तिने मृत्युपत्रात तशी तरतूद करून ठेवली होती.

16 जुलै 2011 रोजी या चर्चच्या दाराशी एक शवपेटी आली. आत होते ओटो फॉन हाब्सबर्ग, ऑस्ट्रियाच्या शेवटच्या सम्राटाचे थोरले चिरंजीव, वय 98. दार बंद होते. मिरवणुकीतल्या एका मानकऱ्याने काठीने दार ठोठावले. आतून एका साधूचा आवाज आला, की कोण आत येऊ पाहतो आहे?

मानकऱ्याने यादी वाचायला सुरुवात केली. ऑस्ट्रिया-हंगेरीचा एकेकाळचा युवराज, हंगेरी आणि बोहेमियाचा राजपुत्र, डाल्मेशिया, क्रोएशिया, गॅलिशिया, टस्कनी, क्राकोव्ह, लोरेन... नकाशावरची नावे संपता संपेनात. त्यातली बहुतेक राज्ये कधीच बुडाली होती. साम्राज्य कोसळले तेव्हा हा युवराज पुरता सहा वर्षांचाही नव्हता, आणि 1919 साली ऑस्ट्रियाने कायदा करून सरदारकीच्या सगळ्या पदव्याच रद्द केल्या होत्या. तरी यादी पूर्ण वाचली गेली.

आतून उत्तर आले : आम्ही त्याला ओळखत नाही.

इथवर ऐकून आपण गालातल्या गालात हसतो. वाडवडिलांच्या पुण्याईवर मिळालेल्या पदव्या देवाच्या दारी चालत नाहीत, हे आपल्याला पटकन पटते. आपल्याजवळ तसल्या पदव्या नसतात, म्हणून तर फारच पटकन पटते. खरी गोष्ट पुढे आहे.

मानकऱ्याने दुसऱ्यांदा दार ठोठावले. पुन्हा तोच प्रश्न. या वेळची यादी वेगळी होती. डॉक्टर ओटो फॉन हाब्सबर्ग. पॅन-युरोपीय संघाचे अध्यक्ष, युरोपीय संसदेचे सदस्य, अनेक विद्यापीठांचे मानद डॉक्टर, अनेक गावांचे मानद नागरिक. यातले काहीही वारशाने आलेले नव्हते. हा माणूस हिटलरच्या विरोधात उभा राहिला होता. त्याला मायदेशात पाऊल ठेवायला 1966 पर्यंत थांबावे लागले. पुढे तो वीस वर्षे युरोपीय संसदेत बसला. 19 ऑगस्ट 1989 रोजी हंगेरीच्या सीमेवर सोप्रोनजवळ झालेल्या ज्या सहलीच्या निमित्ताने फाटक उघडले आणि पूर्व जर्मनीची शेकडो माणसे पलीकडे निसटली, त्या सहलीचा तो एक आश्रयदाता होता. राज्य गेले म्हणून रडत न बसता त्याने मिळेल ते काम केले होते.

आतून उत्तर आले : आम्ही त्याला ओळखत नाही.

हे दुसरे उत्तर मात्र आपल्या जिव्हारी लागते. कष्टाने मिळवलेलेही चालत नसेल, तर मग माणसाने न्यायचे तरी काय? लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात येशूने परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा यहुदी, आणि जकातदार यांची गोष्ट सांगितली आहे. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. प्रवचनांत त्या परुश्याला हमखास ढोंगी ठरवून मोकळे होतात. मला ते बरोबर वाटत नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करत होता, सगळ्या मिळकतीचा दशांश देत होता. तो खोटे बोलत होता असे गोष्टीत कुठेही म्हटलेले नाही. त्याने वाचली ती दुसरी यादी होती, कमावलेली. आणि वाचता वाचता त्याने शेजारच्या जकातदाराकडे बोट दाखवले. तिथे बिघडले. यादी हाती असली की माणूस ती दुसऱ्याच्या यादीशी ताडून पाहतोच. लांब उभा राहिलेला जकातदार छाती बडवून दयेची भीक मागत होता. त्याच्याजवळ वाचायला काही नव्हते, म्हणून त्याची नजर कुणाकडे वळली नाही, आणि देवाच्या लेखी नीतिमान ठरून घरी गेला तो तोच.

नम्रता म्हणजे आपले काम कवडीमोल आहे असे म्हणणे, हा समज आपल्याकडे फार पसरला आहे. ओटोचे काम कवडीमोल नव्हते, आणि आतल्या साधूने तसे म्हटलेही नाही. तो एवढेच म्हणाला की या खुणेवरून आम्ही माणूस ओळखत नाही. देवापुढे नम्र होणे म्हणजे नेमके हेच. केलेले काम नाकारायचे नाही, पण दार उघडावे म्हणून ते पुढेही करायचे नाही.

तिसऱ्यांदा दार वाजले. कोण आहे? मानकरी म्हणाला, ओटो, एक मर्त्य, पापी माणूस.

तर मग येऊ द्या त्याला आत, असे उत्तर आले, आणि दार उघडले.

आता थोडे खरे बोलायला हवे. हा सगळा सोहळा होता. रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होती, गणवेशातली पथके होती, दूरदर्शनचे कॅमेरे होते, आणि ‘पापी माणूस’ हे शब्दही आधी ठरलेले होते. ही प्रथा शतकानुशतके चालत आली असे लोक सांगतात. इतिहासकार त्याविषयी साशंक आहेत. ओटोची आई, सम्राज्ञी झीटा, हिच्या वेळी 1989 साली मात्र ती जगाने पाहिली. नम्रतेचाही थाट करता येतो, आणि तिसरे उत्तर पाठ करून ठेवले तर तीही एक पदवीच होऊन बसते. जिवंतपणी, कॅमेरा नसताना, आपल्या तोंडून ते उत्तर निघेल का, हे त्या दारावरून कळत नाही.

म्हणून त्या तळघरातली दुसरी एक पेटी मला जास्त मोलाची वाटते. तिथे पुरलेल्या सगळ्यांत राजघराण्याबाहेरची व्यक्ती एकच आहे : काउंटेस कारोलीना फुक्स-मोलार्ड. ती मारिया तेरेसाची शिक्षिका होती. लहान राजकन्येला तिने शिकवले, सांभाळले, वळण लावले. पुढे ती राजकन्या चाळीस वर्षे राज्य करणारी मारिया तेरेसा झाली. फुक्स गरीब घरची होती असे नाही, सरदार घराण्यातलीच होती. पण सम्राटांच्या पंक्तीत बसण्याचा तिचा कसलाही हक्क नव्हता. रक्ताचे नाते नव्हते, आणि तिने केलेल्या कामाची कोणी जाहीर यादी करत नाही. मुलाला हाताशी धरून शिकवणे हे घरातले काम, ते घरातच विरते.

लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू जेवायला आलेल्या पाहुण्यांना सांगतो, की लग्नाच्या मेजवानीला बोलावले तर मुख्य जागी स्वतःहून जाऊन बसू नका. शेवटच्या जागी बसा, म्हणजे यजमान येऊन तुम्हाला वर नेईल. त्या गोष्टीत पाहुण्याने करायचे ते एवढेच, खाली बसणे. वर नेण्याचे काम यजमानाचे आहे, आणि ते पाहुण्याला स्वतःला करताच येत नाही. खाली बसून डोळ्याच्या कोपऱ्यातून यजमानाकडे पाहत राहणाऱ्यालाही नाही.

1754 साली फुक्स वारली तेव्हा यजमानाच्या जागी मारिया तेरेसा होती. बाईंना आमच्या तळघरात आणा, असे तिने ठरवले. जन्मभर ती आमच्यात होती तर मेल्यावरही आमच्यात राहू दे, असे ती म्हणाल्याचे सांगतात. फुक्सची पेटी सम्राटांच्या शेजारी ठेवली गेली, आणि त्यावर तिच्या विद्यार्थिनीने कृतज्ञतेचे शब्द कोरवले. स्वतः मारिया तेरेसा त्या तळघरात आली ती 1780 मध्ये, आपल्या बाईंनंतर 26 वर्षांनी.