अक्षर कोणासाठीं?

अक्षरलेखन व मुद्रणरचना शिकविणाऱ्या एका शाळेंतील विद्यार्थ्यांच्या कामाचें प्रदर्शन पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. कोणीं 'पाऊस' हा शब्द असा काढला होता कीं, त्याची शिरोरेषा ढगासारखी फुगून तिच्यांतून अक्षरें ठिबकत होतीं. कोणीं तारा वाकवून सगळी बाराखडी उभी केली होती. कोणीं शिरोरेषा अजिबात उडवून देवनागरीला रोमन अक्षरांचा डौल आणला होता. या सर्वांभोंवतीं पाहणारांची दाटी होती. कोपऱ्यांत एका विद्यार्थिनीचें काम मात्र एकटें पडलें होतें. तिनें औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी नव्यानें मांडली होती. औषधाचें नांव, तें किती घ्यावें, केव्हां घ्यावें आणि काय टाळावें, एवढाच मजकूर. तेथें कोणी रेंगाळत नव्हतें. कारण जें कळावयाचें तें पाहतांक्षणींच कळत होतें.

परततांना एक प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला. तो वरवर रुचीचा दिसला, तरी खरोखर नीतीचा आहे असें आम्हांस वाटतें. अक्षरें मांडणारानें त्यांत स्वतःला दाखवावें, कीं स्वतःला पुसून टाकावें?

हा वाद नवा नाहीं. १९३० सालीं लंडनमध्यें मुद्रणव्यवसायी मंडळींपुढें बोलतांना बिअट्रिस वॉर्ड या विदुषींनीं मुद्रणाला मद्याच्या पेल्याची उपमा दिली. सोन्याचा नक्षीदार पेला डोळ्यांस सुखवितो, पण आंतील द्रव्य झांकतो. पातळ कांचेचा पेला स्वतः दिसत नाहीं, म्हणूनच आंतील द्रव्य दिसतें. उत्तम मुद्रण कांचेसारखें असावें, हा त्यांचा अभिप्राय. उपमा सुंदर आहे, परंतु ती सर्वत्र लागू पडत नाहीं. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षकें ज्यांनीं वर्षानुवर्षें रेखाटलीं, त्या कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचीं अक्षरें मुळींच अदृश्य नव्हतीं. नाटक विनोदी कीं गंभीर, हें वाचक पुढील मजकूर वाचण्यापूर्वींच त्या अक्षरांवरून ताडीत असे. तेव्हां दिसणें हा कांहीं अक्षराचा दोष नव्हे. शेडग्यांचें अक्षर ठसठशीत दिसे, आणि तरीही तें नाटकाच्याच वतीनें बोले.

उलट, साधेपणाच्या व्रतांतही अहंकार शिरूं शकतो. यान चिखोल्ट या जर्मन मुद्रणकारानें १९२८ सालीं 'नवी मुद्रणरचना' हा ग्रंथ लिहून जुन्या मांडणीवर आणि नक्षीवर जणूं बहिष्कारच पुकारला. १९३३ सालीं नाझी राजवटीनें त्याला अटक केली. सुटका झाल्यावर त्यानें स्वित्झर्लंड गाठलें. पुढें १९४६ सालीं त्यानेंच लिहिलें कीं, आपल्या त्या असहिष्णु मतांत आणि ज्या राजवटीनें आपणांस पिटाळलें तिच्या हुकमी वृत्तींत कांहीं साम्य होतें. नंतर १९४७ ते १९४९ या काळांत इंग्लंडांतील पेंग्विन प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांना त्यानें जें सुबक रूप दिलें, त्यांत जुन्या वळणाच्या अक्षरांना त्यानें आनंदानें जागा दिली. मत बदलल्याचें असें उघड सांगणारे लोक थोडे. आम्ही यांतून एवढाच बोध घेतों कीं, सोन्याच्या पेल्याइतकाच कांचेच्या पेल्याचाही गर्व होऊं शकतो.

बरें, अहंकार गेला आणि हेतु शुद्ध झाला म्हणजे तरी भागतें काय? २००० सालच्या अमेरिकेंतील अध्यक्षीय निवडणुकीचें उदाहरण पाहावें. फ्लॉरिडा राज्यांतील पाम बीच परगण्यांत वृद्ध मतदारांना नीट वाचतां यावें म्हणून मतपत्रिकेचें अक्षर मोठें केलें. मग सर्व नांवें एका पानावर मावेनात, म्हणून तीं समोरासमोरच्या दोन पानांवर वांटलीं आणि मत नोंदविण्यासाठीं भोंकांची एकच रांग मध्यें ठेविली. त्यामुळें डाव्या पानावर दुसरें नांव अल् गोर यांचें, पण त्यांचें भोंक तिसरें. दुसरें भोंक उजव्या पानावरील पॅट ब्यूकॅनन यांचें! त्या परगण्यांत ब्यूकॅनन यांना ३,४०७ मतें पडलीं. पुढें अभ्यासकांनीं आंकडे तपासून असा निष्कर्ष काढला कीं, त्यांतील दोन हजारांहून अधिक मतें चुकून पडलेलीं होतीं आणि तीं गोर यांना द्यावयाचीं होतीं. सबंध राज्याचा निकाल मात्र ५३७ मतांनीं बुश यांच्या बाजूनें लागला, आणि त्याबरोबर अध्यक्षपदाचाही. अक्षर मोठें करण्यांत दया होती यांत संशय नाहीं. परंतु नांव वाचल्यावर मतदाराचा हात कोठें वळेल, याचें ज्ञान दयेबरोबर आपोआप येत नाहीं.

एवढ्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्या लिपींत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील भेद शिरोरेषा अखंड आहे कीं तुटलेली, यावर आणि एका लहानशा गांठीवर उभा आहे. शिरोरेषाच उडविली म्हणजे त्यांतील अर्धा आधार गेला. तरुण डोळा संदर्भावरून निभावून नेतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला 'घर' आणि 'धर', 'भात' आणि 'मात' एकच होऊन बसतात. आणि येथेंच या धंद्यांतील खरी नैतिक अडचण आहे. चुकीचें वाचणारा मनुष्य अक्षर मांडणारास दोष देत नाहीं. 'आमचेच डोळे गेले', 'आम्हांलाच समजलें नाहीं', असें म्हणून तो स्वतःलाच दोष देतो. सुताराची खुर्ची मोडली तर गिऱ्हाईक दाराशीं येऊन भांडतें. अक्षर मोडलें तर कोणीच येत नाहीं. ज्या अपराधाची तक्रार होत नाहीं, तो अपराध आहे हें ओळखणें फार कठीण.

आपल्या शास्त्रकारांनीं देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. ज्यांच्याकडून आपणांस कांहीं मिळालें, त्यांचीं तीं ऋणें. अक्षर मांडणाराचें ऋण निराळें आहे. ज्याचें तोंडही कधीं पाहिलें नाहीं अशा माणसानें त्याच्यावर आधींच विश्वास टाकलेला असतो, आणि त्या विश्वासाचें तें ऋण आहे.

यावर शिक्षक म्हणतील, 'मुलें शिकत आहेत. त्यांना खेळूं द्या.' आम्हांसही खेळ नकोसा नाहीं. हात मोकळा झाल्यावांचून अक्षरावर हुकमत येत नाहीं. र. कृ. जोशी (१९३६–२००८) अक्षरांशीं मनसोक्त खेळले, आणि संगणकावरील 'मंगल' हें साधें, कामाचें अक्षरवळणही त्यांच्याच हातून घडलें. आमचा आक्षेप दुसराच आहे. शाळेंतील अभ्यासाला परीक्षक असतो, पण वाचक नसतो. विद्यार्थी चार वर्षें परीक्षकाच्या डोळ्यांसाठीं अक्षरें मांडतो. तो डोळा तीक्ष्ण, शिकलेला आणि नाविन्यास भुकेलेला असतो. मग जन्मभर तो त्याच डोळ्यासाठीं काम करीत राहिला, तर नवल काय?

त्या विद्यार्थिनीला आम्हीं विचारलें, "ही मांडणी तुला कशी सुचली?" ती म्हणाली, "शेजारच्या आजींना वाचायला दिली. त्या जिथं अडल्या तिथं बदललं. चार वेळा अडल्या." मग थोडी थांबून म्हणाली, "याला गुण कमी मिळतील, असं सगळे म्हणतात."

तिला किती गुण मिळाले हें आम्हांस कळलें नाहीं. पण पुढील वर्षीं परीक्षकांनीं प्रत्येक कामासमोर, मग तो ठिबकणारा 'पाऊस' कां असेना, आधीं एवढेंच विचारावें: हें कोणाला वाचून पाहावयास दिलें होतें, आणि तो कोठें अडला? ज्याच्यापाशीं या प्रश्नाला उत्तर असेल, त्यानें मग खुशाल स्वतःला दाखवावें.