हन्नेचे भय आणि एलीची घाई
(१ शमुवेल, अध्याय १)



जालना जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही घरभेटीस गेलो होतो. त्या घरच्या सुनेचा गर्भ गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या महिन्यात गळाला होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. परंतु आनंद कोठेच दिसेना. पोटात जराशी कळ आली की तिचा जीव उडून जाई. आम्ही घाईने म्हणालो, "मुली, विश्वास धर, भिऊ नको." ती हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, विश्वास मागल्या खेपेलाही होताच की." आम्ही निरुत्तर झालो.

वाटेने परतताना आम्हांस एली याजक आठवला. शिलो येथे हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हलताना पाहून ती द्राक्षारस प्याली आहे, असे एलीस वाटले. दुःखी स्त्रीस त्याने दोषी ठरविले. आम्हीही त्या दिवशी भयाला अविश्वास समजलो. गेथशेमाने बागेत प्रभूचाही जीव व्याकूळ झाला होता. त्यास कोणी अविश्वास म्हणेल काय?

परंतु एलीने आपली चूक ओळखली आणि हन्नेस शांतीने पाठविले. मग ती जेवली व तिचे मुख उदास राहिले नाही. ध्यानात घ्या, त्या घटकेस तिची कूस रिकामीच होती. हाती काहीच खूण नव्हती. आपले ऐकले गेले, एवढेच तिला ठाऊक होते. म्हणून, "हे मूल खचित राहील," असे वचन देण्याचा अधिकार आम्हांस नाही. काहीही झाले तरी प्रभु तुला सोडणार नाही, इतके मात्र आम्ही निश्चयाने सांगतो.

आणखी एक ओझे उतरविले पाहिजे. गर्भ गळाला की लोक दृष्ट, करणी किंवा बाईचे पाप काढतात. हे खोटे आहे. दिवस गेल्याचे कळलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे १० ते २० जणींचा गर्भ गळतो, व बहुतेक वेळा पहिल्या १२ आठवड्यांत. पुष्कळदा गर्भाच्या गुणसूत्रांतच आरंभी दोष असतो. त्यात आईचा अपराध नसतो. एकदा असे झालेल्या बहुतेक स्त्रियांस पुढे सुदृढ बालक होते.

तेव्हा उपदेशकांनो, अशा घरी थोडे बोला व पुष्कळ ऐका. सासूबाईंनो, जड हंडे तुम्ही किंवा मुलाने उचलावे. पतींनो, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः घेऊन जा. फॉलिक ॲसिडची गोळी ती रोज घेते की नाही, हे पाहा. रक्त दिसले, तीव्र कळ, ताप किंवा घेरी आली, तर प्रार्थनेसाठी थांबू नका. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा आणि वाटेत प्रार्थना करा. भयाने झोप व अन्न सुटले, तर तेही आशाताईस व डॉक्टरांस सांगावे. त्यात लाज नाही.

आणि भगिनी, तू उद्याचा नव्हे, आजचा दिवस प्रभूच्या हाती दे. आज जेव, आज नीज. उद्याचे भय उद्या आले, तर त्यासही तोच सामोरा येईल. आणि त्याच्या कृपेने मंडळीही तुझ्या दारी असो. आमेन.