कच्चं मडकं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, बँकेतून निवृत्त झालो आणि वाटलं, आता आपलं खातं बंद! देवळाचा जमाखर्च लिहा म्हणाले, तर वय झालं म्हणून टाळलं.

उन्हाळ्यात माठ आणायला कुंभाराकडे गेलो. चाकावर मुलगा होता. पंच्याहत्तरीचे म्हातारबा ओल्या मडक्याला आतून गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकत होते. म्हटलं, "आता आराम करा की!"

"चाक झेपत नाय आता," ते म्हणाले, "पर कच्चं का पक्कं, ते कानाला कळतंय. पोराला कळाया वेळ हाय अजून." टिचकी मारून त्यांनीच मला माठ निवडून दिला.

तेरचे गोरोबाकाका आठवले. संतमेळ्यात वयाने वडील, म्हणून 'काका'. थापटण्याने संतांची डोकी पारखताना त्यांनी नामदेवांना कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. नामदेव दुखावले, पण पुढे विसोबा खेचरांना शरण गेले.

इथे कच्चा मीच निघालो! दत्तप्रभूंनी 24 गुरू केले. मला माठ घेताना एक भेटला.

आता दर गुरुवारी देवळाची वही लिहितो. शेजारी एका मुलाला बसवून ताळा जुळवायला शिकवतो. मंडळी, अंग थकणारच. पण वयाने आलेली पारख घरी झाकून ठेवू नका.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!