रंग बदलला, देव्हारा तोच

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २२



जीर्ण कपडे टाकून माणूस नवे घालतो, तसाच आत्मा जुनं शरीर सोडून नवं घेतो, असं सांगणारा हा श्लोक. लहानपणापासून पाठ आहे. पण या आठवड्यात हातात सँडपेपर असताना तो आठवला आणि मी अडकलो.

झालं असं, गावचं घर आवरताना आजीचा सागवानी देव्हारा आम्ही पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणला. चॉकलेटी ऑइलपेंटचे पोपडे निघालेले, आतून समईच्या काजळीने काळा. बायको म्हणाली, "पांढरा देऊया, भिंतीला शोभेल." आई म्हणाली, "अरे, आजीचा आहे तो. तसाच राहू दे." मला दोघींचं पटत होतं. जीर्ण ते सोडायचं असेल, तर मी या लाकडाला धरून का बसलोय?

घासायला घेतला, तर चॉकलेटीखाली हिरवा निघाला. आई हसली. "हा माझ्या लग्नाच्या वेळचा. आजीनेच दिलेला." म्हणजे ज्याला मी मूळ समजून जपत होतो, तो रंग आजीनेच बदललेला!

मग एकदम लक्षात आलं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं बरंच जास्त असू शकतं, आणि कोरडं घासलं की ते धुळीतून पोटात जातं. घरात अडीच वर्षांची लेक! तिला बहिणीकडे पाठवलं, मास्क लावला, पुढचं सगळं ओलं करूनच घासलं. थर आजीने मायेने दिलेला होता, तरी ठेवण्यासारखा नव्हता.

सागवान तेलकट असतं, म्हणून थिनरने पुसून प्रायमर मारला. रंगाचे हात पातळच दिले. जाड रंगाने नक्षी बुजते. आतलं लाकूड उघडंच ठेवलं. तळाच्या फळीवर निरांजनाने भाजल्याचा काळा डाग आहे. तिथे सँडपेपर टेकवला, तेवढ्यात आईने माझा हात धरला. काही बोलली नाही. डाग राहिला.

२०२२ मध्ये सप्तशृंगी गडावर देवीवरचा शेंदराचा जाड लेप उतरवला, तेव्हा खालचं मूळ रूप दिसलं. तो लेपही भक्तीनेच चढला होता.

ऑफिसात जुन्या कोडबाबत माझा एक नियम आहे : ओळ का लिहिलीय हे कळल्याशिवाय ती काढायची नाही. पण कळल्यावर ती घातक निघाली, तर कोणी लिहिली हे बघायचं नाही. श्लोक मला आता असा कळतो. कपड्याचा तिरस्कार नको, पण कपड्यालाच माणूसही समजायचं नाही.

"चिडकेपणा आमच्या घराण्यातच आहे," असं मी कौतुकाने सांगत आलोय. लेक आता माझ्याच सुरात ओरडते. हा डाग नव्हे. हे शिसं आहे. घासायला वेळ लागेल, आणि धूळ तिच्यावर उडणार नाही हेही बघावं लागेल.

तुमच्याकडे घरातून आलेला कोणता थर आहे? जपायचा की उतरवायचा? आज पाच मिनिटं विचार करूया.

राम कृष्ण हरी.