फड : पाण्यावरचे सामाईक राज्य

तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड, पंढरीच्या वाटेवरचे वासकरांचे आणि देहूकरांचे फड. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरातही फड होता आणि त्याची देखरेख फडणिसाकडे असे. जिथे माणसे जमतात आणि जमलेल्या सर्वांना एकच शिस्त लागू होते, तिथे मराठी माणसाने हा शब्द वापरलेला दिसतो. पण राज्य करणे या अर्थाच्या सर्वांत जवळ तो पोचला धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी, शेतात.

पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला उगम पावते, धुळे शहरातून वाहते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. तिच्यावर, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम आणि आरम या नद्यांवर, सुमारे तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधाऱ्यांची माळ आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात. एका बंधाऱ्याखाली भिजणारे सगळे क्षेत्र म्हणजे थळ. या थळाचे तीन किंवा चार भाग करायचे आणि त्या प्रत्येक भागाला फड म्हणायचे. एका फडात एका वर्षी एकाच प्रकारचे पीक. एकात ऊस उभा असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसरा पावसाच्या पिकाखाली किंवा पडीक. पुढच्या वर्षी पाळी बदलते.

या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वरवर पाहता लक्षात येत नाही. थळातल्या खातेदाराची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी आहे, यंदा अमुक फडाला द्यायचे नाही, असा निर्णय झाला तर तो कोणा एकट्याच्या मुळावर येत नाही. पाटाच्या तोंडाशी बसलेला आणि शेपटाला असलेला असे दोन कायमचे पक्षच तयार होत नाहीत. निर्णय घेणारा स्वतः त्या निर्णयाची झळ सोसतो. सत्तेच्या वाटणीबद्दल ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, पण ही एक अट पाळणारी राज्यव्यवस्था जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

कारभार पंचांकडे. त्यांच्या हाताखाली पाटकरी, हवालदार, जागल्या, बारेकरी. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडून पाणी घ्यायचे नाही. कोणत्या शेताला कधी आणि किती पाणी, हे नेमलेली माणसे पाहणार आणि त्यांचा मोबदला शेतकरी पिकातून देणार. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी यायचे, नियम मोडणाऱ्याचा न्याय पंचांनी करायचा. अर्थात ज्याची थळात जमीन नाही, त्याला या राज्यात आवाज नव्हता. फडाचे गोडवे गाताना हे झाकून ठेवणे बरोबर नाही.

याच खानदेशाने सामाईक सत्तेचा दुसरा प्रकारही सोसला. त्याचे नाव दुअंमल. 1719 मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या. खानदेश त्यांतला एक सुभा. मुलूख एक, वसूल करणारे हात दोन. पुढे पेशवे, होळकर आणि शिंदे यांच्यात इथला महसूल विभागला गेला, आणि 1818 मध्ये इंग्रज आले तेव्हा त्यांना खिळखिळा झालेला प्रदेश मिळाला. दुअंमलातही सत्ता वाटलेलीच होती. पण ती घेणाऱ्यांनी आपसात वाटली होती, देणाऱ्यांना तिच्यात वाटा नव्हता.

1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झालेले तरुण अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सुरुवातीच्या काळात याच भागात होते आणि पांझरेच्या पाण्यावर त्यांनी काम केले. पण सरकारी सिंचनाची मूळ रीत फडापेक्षा वेगळी होती. तिथे धरण सरकारचे, पाणी सरकारचे आणि शेतकरी अर्जदार. स्वातंत्र्यानंतर नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, बंधाऱ्यांकडे येणारा प्रवाह खात्याच्या पाळीवर अवलंबून राहू लागला. विहिरीवर पंप बसले तसे ज्याला त्याला हवे ते पीक घेता येऊ लागले. फड मोडले ते मुख्यतः असे. 2005 मध्ये महाराष्ट्राने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देणारा कायदा केला. खानदेशाला हे शिकवायला कायदा लागावा, याचे वाईट वाटते.

फडाच्या पंचांसारखेच स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात शेतकऱ्यांनी निवडलेले पाण्याचे न्यायमंडळ आजही दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसते. अशा व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लोक स्वतः नियम करतात, स्वतः राखण करतात आणि सामाईक साधन टिकवतात, हे त्यांनी दाखवून दिले. पांझरेकाठच्या जागल्याला हे आधीपासून ठाऊक होते.

साक्री तालुक्यातच बारीपाडा आहे. तिथल्या आदिवासींनी चैत्राम पवारांच्या पुढाकाराने जंगलासाठी स्वतःचे नियम केले, ते मोडणाऱ्याला दंड ठेवला आणि उजाड डोंगर पुन्हा झाडांनी भरले. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे ही माती अजून वांझ झालेली नाही.

आजचा खरा प्रश्न मात्र जमिनीखालच्या पाण्याचा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खोल खोल गेले आहे. याच यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नेहरू अध्यक्ष होते, शेतीविषयक कार्यक्रम तिथे मंजूर झाला आणि घटना समितीची मागणीही झाली. देशाची राज्यघटना लोकांनी करावी, असे जिथून बजावले गेले, तिथल्या कूपनलिकांना मात्र कोणतीही घटना नाही. प्रत्येक जण आपल्या बांधाच्या आत सार्वभौम, आणि खालचे पाणी मात्र सगळ्यांचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचा वर्षाचा करार होतो, तसाच गावाचा पाण्याचा करारही व्हावा: यंदा किती पाणी आहे आणि त्यावर किती केळी, किती ऊस पेलेल, हे विहीर असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी एकत्र बसून ठरवावे. धुळे-जळगावच्या ग्रामसभांनी येत्या आखाजीच्या आधी हा एक विषय पत्रिकेवर घ्यावा.